ऑगस्टमध्ये चार रात्री, समुद्र हवा आणि ऐश हवी: कुठे जावं?

कैरीचं_पन्हं (धागाकर्ती)

ऑगस्टच्या मध्यात सुट्ट्या जोडून चार रात्री मिळतायत. दोघंच, पुण्याहून निघणार. समुद्र, उत्तम खोली, पोहणं आणि बाकी काहीही न करणं, एवढंच हवंय. स्थलदर्शनाची यादी नको. विमान धरून दोघांत चार लाख, थोडं पुढेमागे चालेल. एकाला चांगलं पोहता येतं, दुसऱ्याला जेमतेम. एकाला बोट लागते. मासे आवडतात, पण श्रावण पाळतो.

डोक्यात मालदीव, सेशेल्स, मॉरिशस, बाली, अंदमान अशी नावं आहेत. एजंटचं म्हणणं, "मॅडम, मालदीव ऑल सीझन." खरं का?

दर्यावर्दी

"ऑल सीझन" म्हणजे विमानं बारा महिने चालू असतात, एवढंच.

देश निवडायच्या आधी वारा बघा. ऑगस्टमध्ये हिंदी महासागरात एकच मोठा वारा वाहत असतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तो आग्नेयेकडून येतो, विषुववृत्त ओलांडलं की वळतो आणि आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी म्हणून पोचतो. त्यामुळे या पट्ट्यातल्या प्रत्येक बेटाला एक वाऱ्याची बाजू आणि एक आडोशाची बाजू असते. एकाच बेटावर एका किनाऱ्याला आरसा आणि दुसऱ्या किनाऱ्याला लाल बावटा असं दिसतं ते यामुळेच.

तुमच्या यादीत हे लावून बघू.

अंदमान: आत्ताच खोडा. भर पावसाळा. मुख्य अडचण पावसापेक्षा बोटींची आहे. विजयपुरम (जुनं पोर्ट ब्लेअर) ते स्वराजद्वीप, म्हणजे हॅवलॉक, हा सुमारे दीड तासाचा बोटप्रवास खवळलेल्या समुद्रात रद्द होतो, आणि चार रात्रींत एक फेरी रद्द झाली की सगळी साखळी कोसळते. जानेवारी ते एप्रिलसाठी राखून ठेवा.

बाली: ऑगस्ट कोरडा, हवा सुरेख. पण म्हणूनच सगळं जग तेव्हा तिथे असतं. भाव चढलेले, रस्ते तुंबलेले.

सेशेल्स: जुलै-ऑगस्ट वर्षातले सगळ्यात कोरडे महिने. वारा मात्र जोरदार. माहे बेटावर वायव्येचा बो व्हालों किनारा शांत असतो, प्रालँ बेटावर वायव्येचाच आन्स लाझिओ शांत. प्रालँच्या नैर्ऋत्येच्या ग्रांद आन्सवर या महिन्यांत शेवाळाचे ढीग येऊन पडतात. हॉटेलच्या संकेतस्थळावरचा फोटो बहुधा एप्रिलचा असतो.

मॉरिशस: तिकडे हिवाळा. खाली सविस्तर कोणीतरी लिहीलच.

मालदीव: नैर्ऋत्य मोसम, तिकडच्या भाषेत हुल्हंगु. पाऊस आपल्यासारखा दिवसभर धरून बसत नाही, सरी येतात आणि जातात. पण दोन-दोन दिवस करडं आभाळ आणि वारा हेही होतं. दहा दिवसांच्या सहलीत दोन दिवस गेले तर काही नाही, चारात दोन गेले तर अर्धी सहल. भाव उतरलेले असतात ते या जोखमीचे. ती पत्करायची असेल तर मालदीव वाईट नाही, फक्त बेट आणि खोली वाऱ्याच्या हिशेबाने निवडावी लागते.

भोचक

थोडक्यात काय, एजंट बदला.

हिशेबनीस

वाऱ्याच्या आधी घड्याळ. सहल छोटी असली की प्रवासाचा तास सगळ्यात महाग पडतो. पुण्याच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत, एका बाजूचा अंदाज:

पुणे ते मुंबई विमानतळ पावसाळ्यात ४ तास धराच (घाटात धुकं, पनवेलच्या पुढे देव जाणे). विमानतळावर ३ तास. हे ७ तास सगळीकडे सारखेच. पुढे:

मालदीव: विमान पावणेतीन-तीन तास, उतरून बाहेर पडायला १, स्पीडबोट अर्धा-पाऊण. एकूण १२ च्या आत.
सेशेल्स: थेट विमान साडेचार तासांच्या आसपास, पण ते रोज नसतं. चार रात्री त्या वारांत बसल्या तर माहेपर्यंत १३. प्रालँला जायचं तर फेरी धरून आणखी २-३.
मॉरिशस: विमान ६ तास, बाहेर पडायला १, गाडीने १. एकूण १५.
बाली: थेट विमान मिळालं तरी १६-१७. मध्ये कुठे बदललं की २२ च्या पुढे.

दोन्ही बाजू मिळून मालदीवला एक दिवस जातो, बालीला दीड ते दोन. चार रात्रींसाठी बाली म्हणजे विमानतळदर्शन. शिवाय आगमन-व्हिसा ५ लाख रुपिया, बालीचा वेगळा पर्यटन कर दीड लाख रुपिया माणशी. आकडा ऐकून घाबरू नका, रुपिया आहे.

पोह्यात_वाटाणा

श्रीलंकेचं नाव कोणीच कसं घेत नाही? पश्चिमेला बेंटोटा, दक्षिणेला मिरिस्सा, हा किनारा या दिवसांत खवळलेला, पण पूर्व किनारा एप्रिल ते सप्टेंबर कोरडा असतो. त्रिंकोमालीजवळ निलावेली, त्याच्या खाली पासिकुडा. पासिकुडाचा उपसागर इतका उथळ की बरंच आत गेलं तरी पाणी कमरेलाच. जेमतेम पोहणाऱ्याला याहून सोयीची जागा नाही. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिन्नेरियाच्या तलावाकाठी रानहत्तींचे कळप जमतात, ते अगदी वाटेवर. चार लाखांत राजासारखं राहाल आणि उरलेल्यात पुढची दिवाळी होईल.

हिशेबनीस

कोलंबो विमानतळ ते त्रिंकोमाली अडीचशे किलोमीटर, गाडीने साडेपाच-सहा तास. त्यात ऑगस्टमध्ये कँडीचा पेराहेरा (हत्तींची मोठी मिरवणूक) आला की त्या बाजूचे रस्ते आणि खोल्या दोन्ही भरलेले. जाण्या-येण्यात तेवढाच वेळ जाणार असेल तर बाली काय वाईट?

पोह्यात_वाटाणा

म्हणून सरळ त्रिंकोला पळायचंच नाही. पहिल्या दोन रात्री सिगिरिया-हबरना भागात तलावाकाठच्या चांगल्या हॉटेलात, विमानतळापासून चार तास. पुढच्या दोन निलावेलीत, तिथून दोनेक तास. परतीचं विमान रात्रीचं घ्या म्हणजे शेवटचा दिवस रस्त्याला देता येतो. स्थलदर्शन नको म्हणताय तर सिगिरियाचा खडक खालूनच बघा. ईटीए (प्रवेशाची ऑनलाइन परवानगी) आधी काढून ठेवा, बस.

दर्यावर्दी

बेत चांगला आहे, पण धागाकर्तीला "काहीही न करणं" हवंय. चार रात्रींत दोन हॉटेलं म्हणजे दोनदा सामान बांधणं. सहा रात्री असत्या तर मीही हेच सुचवलं असतं.

थायलंडचंही असंच आहे. फुकेत-क्राबी अंदमान समुद्रावर, ऑगस्टमध्ये लाटा, आणि ज्या बेटांसाठी जायचं ती बंद: सिमिलान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद, माया बे ऑगस्ट-सप्टेंबर बंद. कोह समुई उलट्या बाजूला, थायलंडच्या आखातात. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ऑगस्ट बरा. पण बँकॉकला विमान बदलावं लागतं. फुकेत स्वस्तात मिळतंय म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये घेणारे लोक समुद्राकडे काचेतून बघत बसतात.

कैरीचं_पन्हं

सगळ्यांचे आभार. बाली, अंदमान, फुकेत, सेशेल्स गेले. श्रीलंका पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेवली. मालदीव आणि मॉरिशस राहिले. दोन प्रश्न: मॉरिशसला ऑगस्टमध्ये पाण्यात उतरवतं का? आणि मालदीवमध्ये ४०० डॉलर रात्र दिसतंय, ते खरंच ४०० असतं का?

फरसबी_फ्लाक

मॉरिशसबद्दल. ऑगस्टमध्ये दिवसा २३-२४ अंश, रात्री १७ पर्यंत उतरतं. समुद्र २२-२३ अंश. मालदीवचं पाणी तेव्हा २८ च्या वर असतं, त्यामुळे ज्यांना कोमट पाण्यात तासन् तास डुंबायचंय त्यांनी मॉरिशसला ऑगस्टमध्ये येऊ नये. पहिल्या बुडीला दात वाजतात. अंधारही लवकर पडतो, सहाच्या आधी सूर्य मावळतो.

तरीही यायचं तर किनारा पश्चिमेचाच. पूर्वेचा बेल मार पांढऱ्या वाळूसाठी प्रसिद्ध आहे आणि मोठी हॉटेलं तिथेच आहेत, पण जून ते सप्टेंबर आग्नेय वारा थेट अंगावर. पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवरच्या गाद्या बांधून ठेवाव्या लागतात. ल मोर्न, फ्लिक-आं-फ्लाक, तामारँ या बाजूला डोंगरांचा आडोसा मिळतो. ल मोर्नलाही दक्षिणेचं टोक पतंगवाल्या सर्फरांचं, पोहणाऱ्यांचं नव्हे. हॉटेल त्या टोकाच्या कुठल्या अंगाला आहे ते नकाशावर बघा. जुलै ते ऑक्टोबर पश्चिमेला कुबडे देवमासे येतात, ते ऑगस्टचं खरं वैभव.

भारतीयांना व्हिसा नाही, फक्त डिजिटल फॉर्म. आणि गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते, इथल्या मराठी समाजामुळे. ऑगस्ट सोडून तेव्हा आलात तर विसर्जनाला समुद्र थंड असला तरी कोणी तक्रार करत नाही.

हिशेबनीस

४०० च्या पुढे दोन अधिक चिन्हं दिसतायत का बघा. असतील तर ४०० हे फक्त हत्तीचं शेपूट.

खोली ४००
सेवा आकार १० टक्के: ४४०
त्यावर (४०० वर नव्हे, ४४० वर) पर्यटन जीएसटी १७ टक्के: ५१४.८०
हरित कर माणशी रात्री १२ डॉलर, दोघांचे २४: ५३८.८०

म्हणजे ४०० चे ५३९ झाले. चार रात्रींचे २,१५५. जुनी माहिती वाचाल तर १६ टक्के आणि ६ डॉलर दिसेल. हरित कर जानेवारी २०२५ पासून दुप्पट झाला, जीएसटी जुलै २०२५ पासून १७ झाला. ६ डॉलर अजून आहे, पण तो ५० किंवा कमी खोल्यांच्या गेस्टहाउसला, रिसॉर्टला नाही.

यात बेटावर पोचण्याचा खर्च नाही. स्पीडबोट जाऊन-येऊन माणशी १००-२५०, सीप्लेन ४००-७००. दोघांचं सीप्लेन म्हणजे आणखी दोन रात्रींचं भाडं. चार रात्रींना ते परवडत नाही असं माझं स्पष्ट मत.

डॉलर नव्वद धरून: खोली १ लाख ९४ हजार, स्पीडबोट (माणशी १५०) २७ हजार, विमान दोघांचं ६० हजार. झाले २ लाख ८१ हजार. वरच्या ६०० च्या खोलीला हात घातलात तर चार रात्रींचे करांसकट ३,१८५ डॉलर, म्हणजे एकट्या खोलीचेच २ लाख ८७ हजार. त्यात सीप्लेन आलं की जेवायच्या आधीच बजेट संपलं.

भोचक

हत्ती मिन्नेरियात होता, मालदीवला कसा पोचला?

कैरीचं_पन्हं

जेवणाचं काय? हाफ बोर्ड, फुल बोर्ड, ऑल इन्क्लुसिव्ह यात गोंधळ झालाय.

हिशेबनीस

हाफ बोर्ड म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. यातली मेख अशी की रात्रीच्या जेवणासोबतचं पाणीसुद्धा बऱ्याच ठिकाणी वेगळं लावतात. आरक्षणाच्या आधी एकच ओळ लिहून विचारा: "हाफ बोर्डमध्ये जेवताना पिण्याचं पाणी धरलंय का?" दुपारचं साधं जेवण दोघांचं ६० ते ९० डॉलर, त्यावर पुन्हा २८-२९ टक्के. नाश्ता दहाला केला आणि चारला चहा-सँडविच मिळत असेल तर दुपारचं जेवण लागत नाही. फुल बोर्ड (तिन्ही वेळचं खाणं) घेऊन अकरा, दोन आणि सात वाजता खात बसण्यात सुट्टी जाते.

ऑल इन्क्लुसिव्ह दारू पिणाऱ्यांसाठी. श्रावण पाळणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये, बाजूच्या टेबलाची बिअर तुमच्या खिशातून जाते.

गवती_चहा

श्रावणाबद्दल. रिसॉर्टच्या स्वयंपाकघराला नुसतं "व्हेज" लिहिलं की पास्ता, मार्गारिटा आणि फ्रेंच फ्राइज येतात. कांदा-लसूण नको, अंडं नको, माशाचा रस्सा किंवा सॉस नको, हे वेगवेगळं लिहा. मालदीवच्या बऱ्याच भाज्यांत सुक्या ट्यूनाचा चुरा असतो, त्याला तिथे कोणी "मासा" समजत नाही, मसाला समजतात. किमान तीन दिवस आधी मेल. कारण भाजी बेटावर उगवत नाही, मालेहून बोटीने येते.

सोमवारचा उपास असेल तर राजगिऱ्याची वडी, खजूर, दाणे न्या. खोलीत किटली असतेच.

कैरीचं_पन्हं

आता मन मालदीवकडेच झुकतंय, कोमट पाण्यासाठी. पाण्यावरची खोली घ्यावी की वाळूवरची? आणि सूर्यास्ताची बाजू घ्यावी का? ५० डॉलर जास्त सांगतायत.

दर्यावर्दी

ऑगस्टमध्ये सूर्यास्ताची बाजू घेऊ नका. जास्त पैसे देऊन वारा विकत घेणं आहे ते. वारा पश्चिमेकडून-नैर्ऋत्येकडून, सूर्यास्तही तिकडेच. त्या बाजूच्या पाण्यावरच्या खोल्यांना रात्रभर खांबांवर लाटा आपटतात, डेकवरचे टॉवेल उडतात आणि पाण्यात उतरायच्या शिडीला कधीकधी साखळी लावून ठेवतात. सूर्योदयाची बाजू, म्हणजे पूर्व-ईशान्य, ऑगस्टमध्ये आडोशाची. स्वस्तही तीच. सूर्यास्त बघायला बेटाच्या पलीकडे पाच मिनिटं चालत जा. जानेवारीत गेलात तर हेच गणित उलटं करा, तेव्हा वारा ईशान्येचा, तिकडच्या भाषेत इरुवई.

बोट लागणाऱ्याबद्दल. विमानतळ उत्तर माले अटोलच्या (अटोल म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेला बेटांचा समूह) दक्षिण टोकाला आहे. उत्तर मालेच्या रिसॉर्टकडे जाणारी बोट बराच वेळ अटोलच्या आतून जाते, रीफचा, म्हणजे त्या प्रवाळाच्या कड्याचा, आडोसा असतो. दक्षिण मालेला जायचं तर मधली वाधू खाडी ओलांडावी लागते, आणि ऑगस्टमध्ये पश्चिमेची फुगवट थेट तिच्यात शिरते. अंतर तेवढंच, पण पोटाला फरक कळतो. म्हणून उत्तर माले, स्पीडबोट ४५ मिनिटांच्या आतली. बोटीत मागे, मध्यभागी बसा. नाकाकडची जागा फोटोसाठी असते, मणक्यासाठी नाही. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या तासभर आधी, बोट हलायला लागल्यावर नाही.

प्रवाळ

पाण्यावरची की वाळूवरची, हे कोण किती पोहतं त्यावर ठरवा. जेमतेम पोहणाऱ्याला वाळूवरची खोली बरी, पायाखाली तळ लागत लागत पुढे जाता येतं. पाण्यावरच्या खोलीच्या शिडीखाली कुठे छातीएवढं पाणी असतं, कुठे थेट पुरुषभर, आणि कुठे ओहोटीला जेमतेम गुडघाभर. तिथे भरती-ओहोटीचा फरक मुंबईच्या मानाने किरकोळ, मीटरभरसुद्धा नाही. पण रीफच्या आतल्या उथळ पाण्यात, लगूनमध्ये, अर्धा मीटरसुद्धा खूप. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी जास्त खाली जाते, अष्टमी-नवमीच्या भांगाला पाणी फारसं हलत नाही. सुट्टी कुठल्या तिथीला आहे ते कालनिर्णयात बघून ठेवा, चेष्टा नाही.

आता खरं काम. बेट पक्कं करायच्या आधी उपग्रह-नकाशा उघडून बेटाचं नाव टाका आणि जवळ जा.

फिकट निळा-हिरवा पट्टा म्हणजे उथळ वाळू. दिसायला सुंदर, बघायला मासे नाहीत.
तपकिरी-करडा पट्टा म्हणजे रीफ.
त्याच्या बाहेर एकदम गडद निळा म्हणजे खोल पाणी.

किनाऱ्यापासून तपकिरी पट्ट्याच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर नकाशावरच मोजा. ५० मीटरच्या आत असेल तर हाउस रीफ (बेटाला लागूनचा रीफ) उत्तम, चांगलं पोहणाऱ्याला रोज फुकट मासे. २००-३०० मीटर असेल तर दर वेळी बोट, दर वेळी पैसे. किनाऱ्याला समांतर करड्या दगडांची रेघ दिसली तर तो धूप थांबवायचा बंधारा, हॉटेलच्या फोटोत तो कधीच नसतो. आणि ऑगस्टच्या आडोशाच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला, रीफची कड जवळ आहे का तेही बघा. बरीच बेटं अशी की रीफ पश्चिमेला जवळ आणि पूर्वेला नुसतं लगून.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. रंगीबेरंगी प्रवाळाची अपेक्षा धरू नका. १९९८, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये पाणी तापून तिथलं प्रवाळ पांढरं पडलं. उथळातलं बरंचसं मेलेलं आहे. मासे, कासवं, छोटे शार्क भरपूर.

उलट ऑगस्टमध्ये पाण्यात प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) जास्त, त्यामुळे दृश्यता कमी पण ते खाणारे मांटा (मोठे पाकट मासे) जास्त. नैर्ऋत्य मोसमात ते अटोलच्या पूर्व अंगाला येतात. उत्तर मालेच्या पूर्वेला लांकन रीफ त्यासाठीच ओळखला जातो. मांटांसाठी सगळ्यात प्रसिद्ध हनीफारूचा उपसागर बा अटोलमध्ये आहे, युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र. तिथे फक्त स्नॉर्केलिंग, टाकी लावून बुडायला बंदी, परवानाधारक वाटाड्या हवा आणि ४५ मिनिटांची मर्यादा. फार मोठी गोष्ट आहे, पण तुमच्या बजेटात आणि चार रात्रींत बसवू नका.

पाण्यात बघायचा मुखवटा स्वतःचा न्या. केसांना न लागता तोंडाला लावून नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावर खाली पडला नाही तर मापाचा. दाढी-मिशी असेल तर पाणी शिरणार, वरच्या ओठावर थोडं व्हॅसलीन.

पोह्यात_वाटाणा

दोन रात्री वाळूवर, दोन रात्री पाण्यावर अशी वाटणी का नाही? बरेच जण करतात.

प्रवाळ

खोली सोडायची बारा वाजता, दुसरी मिळणार दोन-तीनला. मधले दोन-तीन तास ओल्या कपड्यांनी लॉबीत. चारात एक दुपार गेली. पाण्यावरचीच हौस असेल तर शेवटची एकच रात्र तिकडे, आणि "सामान तुम्ही हलवा, नवी खोली मिळेपर्यंत जुनी वापरू द्या" हे आरक्षण करतानाच लेखी घ्या. ऑगस्टमध्ये खोल्या रिकाम्या असतात, ऐकतात.

फरसबी_फ्लाक

मॉरिशस हरलं, मान्य. ऑक्टोबर-नोव्हेंबरला या.

कैरीचं_पन्हं

ठरलं. उत्तर माले, स्पीडबोट २५ मिनिटं, वाळूवरची खोली पूर्वेकडे तोंड असलेली, हाफ बोर्ड. नकाशावर मोजलं, रीफची कड ४० मीटरवर आहे. शेवटचा प्रश्न कागदपत्रांचा. आणि प्रवासात बॅगेत छोटा पितळी गणपती असतो नेहमी, तो चालेल ना?

गवती_चहा

गणपती घरी ठेवा. पूजेच्या मूर्ती न्यायला मालदीवच्या कस्टम्सची बंदी आहे, क्ष-किरण यंत्रात पितळ लगेच दिसतं. दारू आणि डुकराचं मांसही नाही. मुंबईच्या ड्यूटी-फ्रीमधून बाटली घेतली तर मालेला काढून घेतात, पावती देतात, परत जाताना मिळते. ई-सिगारेटवर २०२४ च्या नोव्हेंबरपासून बंदी.

व्हिसा उतरल्यावर, फुकट. रिसॉर्टचं आरक्षण आणि परतीचं तिकीट छापून ठेवा, मोबाइलची बॅटरी नेमकी तिथेच संपते. विमानाच्या आधीच्या ९६ तासांत इमुगा नावाचा फॉर्म सरकारी संकेतस्थळावर भरायचा, जाताना एकदा आणि येताना एकदा. तो फुकट आहे. शोधयंत्रात वर येणाऱ्या, त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट खाजगी दलालांच्या आहेत.

हिशेबनीस

पैसे भरताना दोन गोष्टी. रिसॉर्टकडून थेट घेतलं तर कार्डावर परकीय चलनाचा आकार बघा, बऱ्याच कार्डांना साडेतीन टक्के आणि वर जीएसटी. दोन लाखांवर आठ हजारांच्या वर होतात. एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापला जाईल. तो खर्च नव्हे, विवरणपत्रात वळता करून घ्यायचा असतो. ज्याच्या पॅनवर कापला त्याच्याच विवरणपत्रात, म्हणून पॅन कोणाचा द्यायचा ते आधी ठरवा.

आणि दर "परत न मिळणारा" घेऊ नका, ऑगस्टमध्ये तर नाहीच. आठवडाभर आधी रद्द करता येईल असा दर थोडा महाग पडतो, पण पावसाचा अंदाज बघून निर्णय घेता येतो.

दर्यावर्दी

एक राहिलं. माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. पण बरीच रिसॉर्टं स्वतःचं "बेटाचं घड्याळ" मालेच्या एक तास पुढे ठेवतात, संध्याकाळचा उजेड लांबवायला. शेवटच्या संध्याकाळी खोलीत परतीच्या बोटीच्या वेळेची चिठ्ठी येते, त्यावर "१०:३०" एवढंच लिहिलेलं असतं. ते बेटाचे साडेदहा की मालेचे, हे स्वागतकक्षाला फोन करून विचारा, आणि मोबाइलवर गजर लावताना तो कुठलं घड्याळ दाखवतोय ते बघा.

भोचक

म्हणजे मावळतीची बाजू सोडली, तरी सूर्य एक तास फुकट जास्त मिळणार. आणि ते ५० डॉलर वाचले.